विश्वामित्रीच्या पुलावरचे अकरा नारळ

त्या साली ऐन दिवाळीत अमदाबादेला लाटसाहेबाच्या गाडीवर कुणीतरी बॉम्ब टाकला, आणि इकडे बडोद्यात नारळ फुटायला लागले.

आता बॉम्ब कुठे आणि नारळ कुठे. पण तो बॉम्ब म्हणे नारळाएवढा होता. दुसरा म्हणाला, नारळातच भरला होता. बातमी अमदाबादेहून बडोद्याला पोचेपर्यंत त्या बॉम्बला शेंडीसुद्धा फुटली होती. लाटसाहेब सुखरूप निघून गेला. मागाहून रस्त्यातला कुणी गरीब हे काय पडलंय म्हणून उचलायला गेला, त्याचा हात गेला म्हणे. दांडिया बाजारातल्या वत्सलाबाईंच्या कानावर हे आलं तेव्हा त्या चकल्या तळत होत्या. त्यांनी झारा खाली ठेवून विचारलं, "त्याचं नाव काय?" ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लाटसाहेबाचं मात्र पोरासोरांना पाठ होतं.

त्या दिवसापासून वत्सलाबाईंचे यजमान, दामोदरपंत, गोल वस्तूंना भ्यायला लागले. सरकारी दप्तरात पंचवीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, पण घरातला पितळी तांब्या त्यांनी विहिरीत सोडला. बेसनाचे लाडू चपटे करून ठेवायला लावले. चकलीला भोकं असतात म्हणून ती तेवढी चालत होती. कुणी विचारलं तर म्हणायचे, नोकरी करणाऱ्याने जपून राहावं.

ते एकटेच असते तर वत्सलाबाईंनी हसून सोडून दिलं असतं. पण सगळं शहरच असं झालं होतं. समोर एक बंगाली मास्तर राहायचे, पोरांना गणित शिकवायचे. वाटेत कोंबडी आडवी आली तर तिला आधी जाऊ देणारा माणूस. बॉम्ब करणारे बंगाली असतात असं कुणीतरी बोललं आणि दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या ओटीवर एक पोर फिरकेना. दारूकामवाल्याने दुकानाला फळ्या ठोकल्या. बँडवाल्याचा मोठा ढोल आत काय आहे ते बघायला म्हणून कुणी टोचला, तेव्हापासून त्यातून नुसती शिट्टी निघायची. तुळशीचं लग्न झालं, पण माणसांची लग्नं कुणी काढेना. पाव्हणे बडोद्याला यायला तयार नव्हते. कासार बांगड्यांच्या माळा गळ्यात घालून बसून राही, पत्रावळीवाली पत्रावळी उन्हात घालून परत आत नेई. टांगेवाले आपल्याच टांग्यात झोपत.

"बॉम्ब टाकणाऱ्याचं कासाराशी काय वाकडं होतं?" वत्सलाबाई विचारत. दामोदरपंत खिडकी लावून घेत.

आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे सुभानराव जमादार.

स्टेशनावरून गावात यायचं तर विश्वामित्रीचा पूल ओलांडावा लागतो. त्या पुलाच्या तोंडाशी सुभानरावांचं तपासणीचं नाकं होतं. मिशा अशा, की दोन्ही टोकांना एकेक कावळा बसावा. त्यांनी नारळाची बातमी ऐकली आणि स्वतःच्याच डोक्यातून एक नियम काढला: अखंड नारळ पुलापलीकडे जाणार नाही. जो नारळ येईल तो त्यांचा शिपाई हात लांब करून कठड्यावरून खालच्या खडकावर टाकायचा. धडाम झालं तर बॉम्ब, नाही झालं तर नारळ. ज्याचा असेल त्याने खाली उतरून तुकडे वेचून न्यावेत.

तुकडे वेचायला कोण जाणार? विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्यात तान्ह्या पोराला ठाऊक असतं. पहिल्या दिवशी मगरींनी नारळाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीने चाखून बघितला. आठवड्याच्या आत शंभर मगरी, शंभराला एक कमी नाही, सकाळच्या गाडीची शिट्टी झाली की पुलाखाली ओळीने तोंडं उघडून बसायच्या. खोबरं खाऊन त्यांच्या पाठी इतक्या तुकतुकीत झाल्या की वरून वाकून बघणाऱ्या बायका त्यात कुंकू नीट करायच्या.

मगरींची चैन झाली आणि जीवकोरबेनचं दुकान बसलं. जीवकोरबेन मांडवीजवळ नारळ विकायची. तिच्या दुकानात आता नुसती रिकामी पोती आणि एक मांजर उरलं होतं. बडोद्यात अखंड नारळ मिळेना. देवापुढे सुपारी ठेवून लोक भागवत होते. पण ओटी? ओटीत फुटका नारळ कोण घालणार?

अशात बुधवारी वत्सलाबाईंच्या घरी पत्र आलं.

त्यांच्या लीलाचं राजापूरच्या माधवशी जवळजवळ ठरलं होतं. लीलाला सोळा पुरी झालेली. तिने माधवला एकदाच बघितलं होतं, पण त्या एकदात पुरेसं बघितलं होतं. तेव्हापासून ती भाजी निवडताना देठं ठेवायची आणि पानं टाकायची. पत्र माधवच्या काकांचं, बळवंतरावांचं. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी लिहिलं होतं, बडोद्याविषयी इकडे भलतंसलतं ऐकतो, घरच्या मंडळींचा धीर होत नाही. म्हणून देवावर सोपवलं आहे. माधवच्या आजोबांनी लावलेल्या माडाचे अकरा नारळ घेऊन मी शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतो. अकराच्या अकरा अखंड तुमच्या दारी पोचले तर तो कुलस्वामीचा कौल, साखरपुडा करूनच परत फिरेन. एकाला जरी तडा गेला तर ही सोयरीक देवाच्या मनात नाही असं समजून आपण दोघांनी विषय संपवावा.

दामोदरपंतांनी पत्र दोनदा वाचलं आणि खाली बसले. लीलाच्या हातातलं पातेलं पडलं. पंतांनी दचकून कान झाकले, कारण पातेलंही गोलच होतं.

उलट निरोप धाडायची सोय नव्हती. बळवंतराव एव्हाना बोटीवर चढले असणार. पंत म्हणाले, टांग्यात गवताखाली नारळ लपवून आणू. वत्सलाबाई म्हणाल्या, "हो, आणि सापडलो म्हणजे? बॉम्बवाले तरी दुसरं काय करतात?" मग त्यांनी लुगडं नीट केलं आणि सरळ पुलावर गेल्या.

सुभानराव भले माणूस होते, अडचण तीच होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लीलाचं वय विचारलं, जावयाची नोकरी विचारली, पसंती दर्शवली आणि नाही म्हणाले. लग्नाचे नारळ आहेत असं तर बॉम्बवालाही सांगेल. शिवाय एकाचे सोडले तर उद्या सगळे मागतील, आणि काही झालं तर नोकरी त्यांची जाईल. एवढं बोलून त्यांनी शिपायाकडून नारळांच्या दोन गोणी खाली टाकवल्या. खालून मगरींनी शेपट्या आपटल्या.

परत येताना वत्सलाबाई जीवकोरबेनच्या दुकानात टेकल्या. दोघींची वीस वर्षांची ओळख. नारळ कसा घ्यावा हे नव्या नवरीपणी वत्सलाबाईंना तिनेच शिकवलं होतं: कानाशी धरायचा, हलवायचा, पाण्याचा आवाज ऐकायचा. जीवकोरबेनने दुखणं ऐकलं आणि रिकाम्या पोत्यावर हात मारून म्हणाली, "वत्सलाबेन, तमने एक वात कहूं? सुभानरावनी घरवाळी काल आली होती, लपतछपत. नाळियेर मागत होती."

गंमत अशी होती, की सुभानरावांची मुलगी रमा सातव्या महिन्यात माहेरी आलेली, आणि गुरुवारी तिचं डोहाळजेवण. सवाष्णींना बोलावणी गेली होती. पण अखंड नारळ मिळत नव्हता, मिळाला तरी जमादाराच्याच घरी न्यायचा कुणाला धीर नव्हता, आणि फुटका घेऊन भरल्या पोटीच्या लेकीसमोर उभं राहायला कुणी तयार नव्हतं. म्हणून एकेकीला ताप आला होता, एकेकीच्या घरी पाव्हणे आले होते.

वत्सलाबाई घरी आल्या आणि गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. दिवाळीच्या आधी घेतलेला एक नारळ तिथे जपून ठेवला होता, लीलाच्या ओटीसाठी. अख्ख्या बडोद्यातला तो शेवटचा. त्यांनी तो बाहेर काढला, लीलाला दाखवला आणि काय करायचं मनात आहे ते सांगितलं.  लीलाने स्वतःच त्याची शेंडी विंचरून नीट केली.

गुरुवारी सुभानरावांच्या घरी रमा हिरवी साडी नेसून, फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर बसली होती. चारच बायका आलेल्या, त्याही हातात सुपारी घेऊन भिंतीला टेकून. कुणी गाणं म्हणेना. झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत होती. वत्सलाबाईंनी हळदीकुंकू लावलं, खण ठेवला, तांदूळ घेतले आणि पदराखालून नारळ काढला.

बायकांनी भिंत आणखी घट्ट धरली. सुभानराव ओसरीवर होते, ते दाराआड गेले. बाहेर फक्त मिशीचं एक टोक दिसत होतं.

"बाई, तो खाली ठेवा. हळू."

"खाली कसा ठेवू? ओटीचा आहे."

"आला कुठून हा?"

"दिवाळीच्या आधीचा आहे. तेव्हा नारळ हे नारळच होते."

सुभानराव म्हणाले, नियम तो नियम, घर आपलं असलं तरी. तेव्हा रमाने झोपाळा पायाने थांबवला. ती मोठ्याने बोलली नाही. म्हणाली, "बाबा, मग माझी ओटी रिकामीच ठेवायची का? सासरी काय सांगू?"

मिशीचं टोक हळूहळू बाहेर आलं, मागोमाग सुभानराव आले. वत्सलाबाईंनी नारळ त्यांच्या कानाशी धरला आणि हलवला. आत खळखळ झाली. त्यांनी डोळे मिटले होते, ते उघडले. दुसऱ्या कानाने ऐकलं. मग लहान पोरासारखं स्वतःच हातात घेऊन हलवून बघितलं.

"काय ऐकू येतंय?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"पाणी."

"पाण्यात बॉम्बची दारू पेटते का हो, जमादार?"

"नाही पेटत."

त्यांनी नारळ परत दिला. वत्सलाबाईंनी तो रमाच्या ओटीत घातला, आणि भिंतीजवळच्या चौघींनी एकदम गाणं सुरू केलं, चौघींनी चार वेगवेगळी. ताप आलेल्या आणि पाव्हणे आलेल्या सगळ्या दारामागेच उभ्या असाव्यात, कारण दोन मिनिटांत घर भरलं.

जेवणं झाल्यावर सुभानरावांनी वत्सलाबाईंना बाजूला बोलावलं. नियम मागे घेतला तर लोक हसतील, हे त्यांचं दुखणं होतं. वत्सलाबाई म्हणाल्या, मागे कशाला घेता, तपास चालूच ठेवा, फक्त खडकावर करता तो कानाने करा. सुभानराव म्हणाले, शिपायांना ते कळायचं नाही. मग कळणाऱ्या माणसाला बसवा, असं ठरलं. पाणी वाजलं तर नारळ सोडायचा, नाही वाजलं तर खाली टाकायचा. सुभानरावांनी तसा शब्द दिला, आणि ते शब्दाला पक्के होते. हीच गोष्ट दुसऱ्या दिवशी अंगाशी आली.

शुक्रवारी सकाळी जीवकोरबेन पुलावर चटई टाकून बसली. पदर खोचलेला, नाकात नवी चमकी. स्टेशनातून आलेला एकेक नारळ कानाशी धरायची आणि सांगायची, हा कालिकतचा, हा मंगळूरचा, ह्याच्या झाडावर माकडं फार. लोक ऐकायला थांबत होते. खाली मगरी तोंडं उघडून बसल्या होत्या आणि वरून काहीच येत नव्हतं.

बळवंतराव टांग्यातून उतरले. उंच, शिडशिडीत, चेहरा असा की नुकतंच काहीतरी आंबट खाल्लंय. हातात गोणपाटाची पिशवी, ती बोटीत आणि गाडीत त्यांनी कुणाला शिवू दिली नव्हती. पुलावर वाट बघत उभ्या असलेल्या वत्सलाबाईंनी ओळख दिली, प्रवासाची चौकशी केली. बळवंतरावांचं लक्ष जीवकोरबेनकडे. एक बाई डोळे मिटून नारळ कानाशी धरते, मान डोलावते आणि काहीतरी सांगते, हे बघून ते चपला काढून हात जोडून उभे राहिले.

"तुमच्याकडेही कौल लावतात?" त्यांनी हळूच विचारलं.

वत्सलाबाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

बळवंतरावांनी स्वतःच्या हाताने एकेक नारळ पुढे केला. पहिला खळखळला. दुसरा खळखळला. जीवकोरबेन म्हणाली, ह्या माडाच्या पायथ्याशी विहीर आहे. बळवंतराव थक्क झाले, कारण होती. दहापर्यंत असंच सुरळीत गेलं. त्यांचा चेहरा इतका सैल झाला की वत्सलाबाई मनात जेवणाचं पान मांडायला लागल्या.

अकरावा नारळ जीवकोरबेनने हलवला आणि तिची मान थांबली. पुन्हा हलवला. आत ठक्, ठक्.

"पाणी नथी," ती म्हणाली.

पुढे ती आणखीही काही म्हणाली, पण ते ऐकायला पुलावर कुणी उरलं नव्हतं. टांगे उलटे फिरले. शिपाई खांबामागे गेला. बळवंतराव, कोकणातून नारळ स्वतः आणलेला माणूस, आपल्याच टांग्याखाली शिरले.

जीवकोरबेन शांतपणे सांगत होती, अहो, गोटा छे, आतलं पाणी आटून खोबरं सुटलंय, तेच वाजतंय. वत्सलाबाईंनाही ते आवाजावरून कळलं होतं. सुभानरावांनाही आत कुठेतरी कळलं असावं. पण पाणी वाजलं नाही तर टाकायचा, असा शब्द गेला होता. त्यांनी हात पुढे केला. 

वत्सलाबाईंनी अकरावा नारळ उचलून पदरात घेतला, पदराची गाठ कमरेला मारली आणि जाऊन पुलाच्या कठड्यावर बसल्या.

"टाका आता," त्या म्हणाल्या, "पण मलाही टाकावं लागेल."

खाली मगरी जरा पुढे सरकल्या.

सुभानराव समजावायला लागले. वत्सलाबाई म्हणाल्या, मी बसते, तुम्ही बघत राहा, फुटायचा असेल तर माझ्या मांडीवर फुटेल. ऊन वर आलं. अमदाबादेत कुणीतरी काहीतरी फेकलं, आणि इथे एक बाई नारळ पोटाशी धरून बसलीय, तिला घरी स्वयंपाक आहे, असं वत्सलाबाईंच्या मनात येत होतं. भीती वाटत नव्हती असं नाही. नारळाची नव्हती, घरी लीला दाराशी उभी असेल त्याची होती.

तेवढ्यात गावाच्या बाजूने दामोदरपंत येताना दिसले. बातमी कळली होती. ते पुलाच्या मध्यापर्यंत आले, पदरातला गोळा बघितला, घाम पुसला. वत्सलाबाईंना वाटलं, आता परत फिरतील. पंत आले आणि त्यांच्या शेजारी कठड्यावर बसले, अगदी चिकटून. संसाराच्या वीस वर्षांत चारचौघांत ते असे कधी बसले नव्हते.

"जपून राहायचं ना नोकरदाराने?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"जपूनच बसलोय," पंत म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता.

त्यांच्या मागून बंगाली मास्तर आले. छत्री मिटली, नमस्कार केला आणि पंतांच्या पलीकडे बसले. पंतांनी त्यांच्यासाठी सरकून जागा केली. मग कासार आला, पत्रावळीवाली आली, बँडवाला आपला शिट्टीचा ढोल घेऊन आला. टांगेवाले आले. सगळा दांडिया बाजार कठड्यावर ओळीने बसला. पूल त्या दिवशी एका बाजूला चार बोटं झुकला, तो अजून तसाच आहे, खोटं वाटत असेल त्याने मोजून यावं.

सुभानराव एकटे उभे राहिले. त्यांनी ओळीकडे बघितलं, खाली बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग वत्सलाबाईंपुढे वाकून पदराला कान लावला. ठक्, ठक्.

"खोबरंच आहे," ते म्हणाले. "माझी आई असलाच गोटा किसायची."

मग टांग्याखालून बळवंतरावांना बाहेर काढण्यात आलं. गुडघ्यांना माती, टोपी मागे. वत्सलाबाई कठड्यावरून उतरल्या आणि पदराची गाठ सोडून नारळ त्यांना दाखवला. चीरसुद्धा नव्हती.

"अकराही अखंड आहेत," त्या म्हणाल्या. "आणि एक तर मुलीच्या आईच्या पदरात पडून दोन तास झाले. आणखी कौल काय हवा, ते तुम्ही सांगा. मी पुन्हा जाऊन बसते."

बळवंतरावांनी कठड्यावरच्या माणसांकडे एकदा नजर फिरवली. त्यांनी टोपी नीट केली. "नको," ते म्हणाले. "आमच्याकडे एवढी माणसं लग्नालाही येत नाहीत."

संध्याकाळी साखरपुडा झाला आणि मार्गशीर्षात लग्न. कासाराचे हात बांगड्या भरून भरून सुजले. बँडवाल्याने ढोलातून शिट्टीच वाजवली, तीच पुढे बडोद्यात फॅशन झाली. मास्तर लीलाच्या मामासारखे पंक्तीत वाढायला फिरत होते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओटीवर पाढ्यांचा कल्ला सुरू झाला. वत्सलाबाईंनी तो अकरावा गोटा स्वतः किसला. त्या एका गोट्याचं खोबरं सातशे पानांना पुरलं, वर जीवकोरबेनच्या मांजरालाही मिळालं. पहिली मूठ त्यांनी वेगळी काढून ठेवली होती. कुणासाठी म्हणून लीलाने विचारलं, तर म्हणाल्या, अमदाबादेतल्या त्या माणसासाठी, नाव कळलं की पाठवू.

विहिरीतला तांब्या पंतांनी गळ टाकून बाहेर काढला. मगरी महिनाभर रुसून होत्या, मग पुन्हा माशांवर आल्या.

सुभानरावांना मात्र कानाची सवय लागली ती लागलीच. पोतं, पेटी, कलिंगड, पाव्हण्याची वळकटी, काहीही असो, आधी कानाशी धरून हलवायचे. माघात रमाला मुलगा झाला. सुईणीने बाळ आणून आजोबांच्या हातात दिलं. सुभानरावांनी इकडेतिकडे बघितलं, बाळाला अलगद कानाशी नेलं आणि अगदी हळू, एकदाच, हलवलं. बाळाने त्यांची मिशी भिजवली.

"पाणी आहे," सुभानराव म्हणाले. "जाऊ द्या घरात."